जोडपोलादी पाती

नरम लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या किंवा सळया एकमेकींवर रचून, भट्टीत जोड बसण्याइतक्या तापवून व घणाच्या ठोक्यांनी एकजीव करून घडविलेली सुरी, कोयता, कट्यार, तलवार इत्यादींची पाती. या क्रियेत धातू वितळविला जात नाही; तो घन अवस्थेतच राहतो आणि दोन स्वच्छ पृष्ठे दाबाखाली परस्परांना भिडून त्यांचे स्फटिक एकमेकांत वाढतात. आधुनिक वितळजोडकामाहून ही क्रिया मूलतः भिन्न असल्याने तिला येथे ‘घडाई-जोड’ म्हटले आहे. पात्याची धार कठीण व पाठ चिवट असावी, हा अशा रचनेचा मूळ हेतू होय. पट्ट्यांची संख्या वाढवून, त्यांना पीळ देऊन किंवा त्यांत खाचा पाडून पाते घडविले आणि ते घासून सौम्य अम्लात बुडविले, तर पृष्ठावर लाटा, शिडी, गाठी यांसारखी नक्षी उमटते. या पात्यांची ख्याती नक्षीमुळे झालेली असली, तरी त्यांचा इतिहास हा वस्तुतः जोडाचा इतिहास आहे, आणि तो राजांच्या शस्त्रागारांप्रमाणेच दापोली (जि. रत्नागिरी) परिसरातील साध्या कोयत्याच्या धारेतही आढळतो.

‘दमास्कस पोलाद’ हे नाव दोन निरनिराळ्या वस्तूंना सरसकट लावले गेल्याने पुष्कळ घोटाळा झालेला आहे. पहिली वस्तू म्हणजे मुशीत तयार केलेले उच्च कार्बनयुक्त पोलाद. ते दक्षिण भारतात व तेलंगणात तयार होई. निझामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम् हे त्याचे एक प्रसिद्ध केंद्र असून तेथे इराणी व्यापारी खरेदीस येत. यूरोपीय ग्रंथांत ते ‘वुट्झ’ या नावाने ओळखले जाते. त्याची गोटी मंद आचेवर ठोकून पाते केले असता लोह-कार्बाइडाच्या कणांचे पट्टे पृष्ठावर पाण्याच्या तरंगांसारखे दिसतात. फार्सी परंपरेत या पाणीदारपणाला ‘जौहर’ म्हणत. अशा पात्यात जोड कोठेही नसतो. हे पट्टे पडण्यास व्हॅनेडियमासारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश कारणीभूत असतो, असे अमेरिकन धातुवैज्ञानिक जे. डी. व्हरहोव्हन व पातेकार ए. एच. पेन्ड्रे यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांनी दाखवून दिले. दुसरी वस्तू म्हणजे प्रस्तुत नोंदीचा विषय असलेले जोडपोलादी पाते. त्यातील नक्षी निसर्गतः उमटलेली नसून लोहाराने रचलेली असते. हा भेद स्पष्ट करणारी स्वतंत्र इंग्रजी संज्ञा ब्रिटिश धातुकलातज्ञ हर्बर्ट मॅरियन यांनी १९४८ मध्ये वापरात आणली. हिंदी भाषेत मात्र कठीण व नरम लोखंडाच्या मेळातून केलेल्या तलवारीस ‘सकेला’ हे नाव पूर्वीपासून आहे. म्हणजे कारागिरांच्या व्यवहारात हा भेद मुळात अस्पष्ट नव्हता. तो पुढील वर्णनकारांनी अस्पष्ट केला.

जोडाचे कारण : पोलादाची टंचाई हे जोडाचे मूळ कारण होय. जुन्या भट्ट्यांत लोहखनिज वितळत नसे. कोळशाच्या योगाने त्याचे ⇒क्षपण होऊन धातुमळीने भरलेला सच्छिद्र गोळा मिळे. तो ठोकून घडीव लोखंड तयार करीत. त्यात कार्बन फार थोडा असल्याने ते चिवट पण मऊ असे व त्याची धार लवकर मुडपे. कार्बन मुरवून पोलाद करण्यास वेळ, कोळसा व कौशल्य अधिक लागे. साहजिकच पोलाद महाग पडे व ते केवळ धारेपुरते वापरणे शहाणपणाचे ठरे. विदर्भातील महापाषाणयुगीन वसाहतींत लोखंड गाळण्याची कला चांगली विकसित झाली होती, हे नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील उत्खननात सापडलेल्या भट्टीवरून दिसते. तिचा काळ इ. स. पू. सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. जुन्नर येथील प्राचीन लोखंडी वस्तूंच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षणात मुशीतील पोलादाचा वापरही आढळून आला आहे. कोकणात मात्र असे पुरावे विरळ आहेत. खारी हवा, आम्लधर्मी जांभी जमीन व दापोलीस वर्षाला पडणारा सुमारे ३,५०० मिमी. पाऊस यांत लोखंड फार काळ टिकत नाही.

यूरोपातही हेच घडले. तेथे इ. स. तिसऱ्या शतकापासून पिळलेल्या सळयांच्या गाभ्यावर पोलादी धारा जोडलेल्या तलवारी होऊ लागल्या. इंग्लंडमधील सटन हू येथे १९३९ मध्ये सापडलेली सातव्या शतकातील तलवार हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास एकजिनसी पोलाद अधिक प्रमाणात मिळू लागले आणि नक्षीच्या तलवारी मागे पडल्या. पुढे पोर्तुगीज व इतर यूरोपीय व्यापाऱ्यांमार्फत जी पाती पश्चिम किनाऱ्यावर आली व एतद्देशीय मुठी बसवून ‘फिरंग’ या नावाने मराठ्यांच्या हाती गेली, ती या नव्या एकसंध पोलादाची होती. मराठ्यांच्या सर्वच नामांकित तलवारींना दमास्कसी ठरविण्याची हौस अलीकडे दिसते. तिला आधार नाही.

जोड बसविताना येणाऱ्या अडचणी : लोहाराच्या भाषेत लोखंड एकदा भट्टीत तापवून ठोकणे म्हणजे एक ‘ताव’. जोडाचा ताव हा सर्वांत अवघड होय. त्यातील पहिली अडचण तापमानाची. घडीव लोखंडाचा जोड सुमारे १,३००° से.च्या वर, धातू शुभ्र झळकू लागला म्हणजे चांगला बसतो. पोलादात कार्बन जसजसा वाढतो तसतसे त्याचे वितळू लागण्याचे तापमान उतरते. १ टक्का कार्बन असलेले पोलाद १,३५०° से.च्या आसपास वितळू लागते, तर १.५ टक्के कार्बन असलेले त्याच्याही सुमारे शंभर अंश खाली. वितळण्याच्या सीमेजवळ गेलेले पोलाद स्फटिकांच्या सीमांवर ‘जळते’, ठिणग्या टाकू लागते व घणाखाली वाळूसारखे विस्कटते. असे जळालेले पोलाद पुन्हा सुधारत नाही. लोखंडाला जो ताव कमी पडतो तोच पोलादाला अति होतो. दोहोंना सोसेल असा तापमानाचा पट्टा अरुंद असतो आणि तापमापकाविना, केवळ रंगावरून, तो ओळखावा लागतो. जुन्या भट्ट्या काळोख्या खोपटांत असण्याचे एक कारण हेच आहे. उन्हात शुभ्र व पिवळा यांतील फरक डोळ्यांना कळत नाही.

दुसरी अडचण पापुद्र्याची. तापलेल्या लोखंडाचे हवेत ऑक्सिडीभवन होऊन त्यावर काळा पापुद्रा जमतो व दोन पृष्ठांमध्ये तो राहिला तर जोड बसत नाही. हा लोह ऑक्साइडाचा पापुद्रा सुमारे १,३७०° से.ला वितळतो. घडीव लोखंडाच्या जोडात तो स्वतःच वितळण्याच्या बेतात येतो. शिवाय त्या लोखंडात मुळातच असलेली धातुमळी त्याला पातळ करते. म्हणून नुसत्या लोखंडाचा जोड तुलनेने सोपा असतो. पोलादाला तेवढे तापविता येत नसल्याने अभिवाह, म्हणजे पापुद्रा विरघळवून वाहून नेणारा पदार्थ, वापरावा लागतो. बारीक वाळू टाकली तर तिची लोह ऑक्साइडाशी विक्रिया होऊन सुमारे १,२००° से.ला वितळणारे सिलिकेट तयार होते. टाकणखार ऊर्फ सवागी त्याहून पुष्कळ आधी, ७४३° से.ला, वितळते व पृष्ठावर काचेसारखे आवरण धरून हवेलाही अटकाव करते. अभिवाह पापुद्रा जमल्यावर टाकून फारसा उपयोग नसतो. पृष्ठे आधी घासून स्वच्छ करून, लालसर तावावरच तो टाकावा लागतो.

यानंतरचा प्रश्न आगीचा. भात्याची हवा थेट धातूवर आली तर ऑक्सिडीभवन वाढते. म्हणून हवेचे तोंड व धातू यांमध्ये जळत्या कोळशाचा जाड थर ठेवतात. दमट कोळसा आच धरत नाही व वाफ सोडतो. कोकणच्या पावसाळ्यात ही अडचण रोजचीच. दगडी कोळशातील गंधक लोखंडात शिरले तर तापलेल्या अवस्थेत ते ठिसूळ बनते व जोडाच्या कडांना चिरा जातात. लोणारी कोळसा गंधकविरहित असल्याने जुने लोहार जोडाच्या कामास तोच पसंत करीत.

ताव साधला तरी काम संपत नाही. धातू भट्टीतून ऐरणीवर येईपर्यंतच्या काही क्षणांतच त्याची उष्णता उतरू लागते. पहिले ठोके हलके, भराभर व मध्यापासून कडांकडे जाणारे असावे लागतात. त्यामुळे वितळलेला मळ बाहेर फेकला जातो. कडा आधी मिटल्या तर मळ आत कोंडतो. पहिलाच ठोका जोराचा मारला, तर वरची पट्टी सरकते. कोंडलेला मळ किंवा न जुळलेली जागा बाहेरून दिसत नाही. ती कळते पाते घासताना काळ्या रेषेच्या रूपाने किंवा, त्याहूनही वाईट, पाणी देताना. पाणी दिल्यावर पोलाद प्रसरण पावून कठीण होते व लोखंड मऊच राहते. या ओढाताणीत पाते वाकते आणि कच्चा जोड उकलतो. यासाठी अनुभवी लोहार पाणी देण्यापूर्वी पाते टांगून हलकेच वाजवितात. खणखणीत नाद आला तर जोड पक्का, बद्द आवाज आला तर आत पोकळी, असे अनुमान करतात. पाणी दिलेले पाते पुन्हा सौम्य तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करण्यास ‘पायन’ म्हणतात. जोडपोलादी पात्यात ते विशेष जपून करावे लागते.

नक्षीच्या पात्यांत आणखी एक अडचण उद्भवते व ती बराच काळ कोणाच्या ध्यानात आली नव्हती. सात थरांची चवड पाच वेळा दुमडली की २२४ थर होतात. ४ मिमी. जाडीच्या पात्यात यातील एका थराची जाडी ०.०२ मिमी.हूनही कमी भरते. १,१००° से.ला कार्बनाचे विसरण इतके जलद असते की दहा मिनिटांत तो सुमारे ०.१५ मिमी. अंतर कापतो. म्हणजे थर डोळ्यांना वेगळे दिसत असले, तरी कार्बनाच्या दृष्टीने ते एकसारखे झालेले असतात. ‘कठीण व मऊ थर आळीपाळीने असल्यामुळे पाते करवतीसारखे कापते’ हा समज बहुस्तरी पात्यांना म्हणूनच लागू पडत नाही. नक्षी टिकते ती सावकाश विसरण पावणाऱ्या फॉस्फरस, निकेल, मँगॅनीज यांसारख्या मूलद्रव्यांमुळे. जुन्या यूरोपीय तलवारींत फॉस्फरसयुक्त लोखंडाच्या पट्ट्या आढळतात, तर इंडोनेशियातील ‘क्रिस’ या कट्यारीत काही वेळा प्रांबानान येथील अशनीचे निकेलयुक्त लोखंड वापरीत. शिवाय प्रत्येक तावाला धातूचा पापुद्रा झडतो, धारेचा कार्बन जळतो व वजन घटते. थर जितके अधिक तितकी नासाडीही अधिक. तेव्हा असे पाते ही मुख्यतः श्रीमंतांची वस्तू राहिली, हे समजण्यासारखे आहे.

ऐतिहासिक नोंदी : घडाई-जोडाच्या मोठ्या कामांत भारतीय लोहार प्राचीन काळापासून निष्णात होते. दिल्लीचा सहा टनांहून अधिक वजनाचा गुप्तकालीन लोहस्तंभ लोखंडाचे गोळे जोडूनच घडविलेला आहे. पुढे भोसल्यांची राजधानी झालेल्या तंजावर येथील प्रचंड तोफही लोखंडी पट्ट्या व कडी यांच्या घडाई-जोडाची आहे. पात्यांच्या बाबतीत मात्र कारागिरांनी स्वतः लिहून ठेवलेले काही नाही. आहेत त्या नोंदी राजांच्या, वैद्यांच्या वा लष्करी अधिकाऱ्यांच्या.

त्यांतील सर्वांत बोलकी नोंद जहांगीराच्या आत्मचरित्रात येते. एप्रिल १६२१ मध्ये जालंदर परगण्यात एक अशनी कोसळला. जमिनीतून खणून काढलेला १६० तोळे वजनाचा तो तुकडा बादशहाने उस्ताद दाऊद या कारागिराकडे देऊन त्याची शस्त्रे करण्यास सांगितले. ते लोखंड घणाखाली टिकेना, त्याचे तुकडे पडू लागले. तेव्हा त्याचे तीन भाग व साध्या लोखंडाचा एक भाग एकत्र करून दाऊदने दोन तलवारी, एक खंजीर व एक सुरी तयार केली. ही सुरी सध्या वॉशिंग्टन येथील फ्रीअर कलासंग्रहालयात आहे. अशनीच्या लोखंडात निकेलाबरोबर फॉस्फरस व गंधक यांची ठिसूळ संयुगे असतात. साध्या लोखंडाची भर घातल्याने त्यांचे प्रमाण उतरते व चिवट धातूची साथ मिळून सर्व वस्तुमान घडाई सोसते. एक भाग हे प्रमाण दाऊदने कशावरून ठरविले, हे बादशहा सांगत नाही; एका तुकड्यावर प्रयोग करून पाहण्याची मोकळीक त्यास असावी.

दुसरी महत्त्वाची नोंद मुंबईहून गेलेली आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वैद्य हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे वुट्झचे नमुने पाठविले. सोबतच्या पत्रात त्यांनी कळविले की, हे पोलाद मंद लाल रंगापलीकडे तापविता येत नाही; आच थोडी वाढली की त्याचा काही भाग वाहू लागतो व सर्वच गोळा वाया जातो. ते लोखंडाशी किंवा दुसऱ्या पोलादाशी जोडता येत नसल्याने स्क्रू वगैरे युक्तींनी बसवावे लागते. त्यावर काम करणारे लोहार त्याला स्वतंत्र विद्या मानतात व साध्या लोखंडाचे काम करीत नाहीत. या नमुन्यांचे रासायनिक परीक्षण जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये प्रसिद्ध केले. यूरोपातील लोहारांनी आपल्या सवयीच्या तावावर वुट्झ ठोकून पाहिले व ते चुरा झाल्यावर धातूला दोष दिला. वर दिलेले आकडे पाहता दोष तावाचा होता, हे उघड आहे. जेम्स स्टोडार्ट व मायकेल फॅराडे यांनी १८२० च्या सुमारास वुट्झच्या नकलेसाठी केलेल्या प्रयोगांतून मिश्रपोलादाच्या संशोधनास चालना मिळाली. स्कॉट यांच्या पत्रातील लोहारांच्या दोन वेगळ्या वर्गांचा उल्लेख अधिक विचारार्ह वाटतो. जोडाचे काम साध्या लोहाराचे व वुट्झचे काम खास कारागिराचे, अशी ही विभागणी होती. आणि ग्रंथकारांचे सर्व लक्ष दुसऱ्या वर्गाकडे गेल्याने पहिल्याची विद्या लिहिली गेली नाही.

खास नक्षीसाठी थर जोडण्याच्या भारतीय पद्धतीचे प्रत्यक्ष वर्णन कॅप्टन जेम्स ॲबट यांनी १८४७ मध्ये केले. ते पंजाबातील (आता पाकिस्तानातील) गुजरात या गावचे आहे. आपल्या गुजरात राज्याशी त्याचा संबंध नाही. नावाच्या सारखेपणामुळे ही चूक वारंवार होते.

दापोली परिसर : दापोली हे नक्षीदार पात्यांचे केंद्र कधीच नव्हते. तालुक्यातील दाभोळ हे बहमनी व आदिलशाही काळातील मोठे बंदर होते आणि १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी ते लुटले, हे खरे; परंतु तेथील वैभव व्यापाराचे होते, लोहारकामाचे नव्हे. या भागात लोहाराचा मुख्य ग्राहक शेतकरी व बागायतदार. नारळ-सुपारीच्या वाड्या, भाताची खाचरे व डोंगरउतारावरील वरकस जमीन यांसाठी कोयता, विळा, कुऱ्हाड, पहार, कुदळ, नांगराचा फाळ ही अवजारे लागत. कंबरेच्या आकडीत अडकविलेला कोयता हा येथील पुरुषाच्या वेषाचाच भाग होता. या अवजारांना लागणारे लोखंड पूर्वी घाटमाथ्यावरून येई. महाबळेश्वरच्या परिसरात धावड नावाचे मुसलमान कारागीर जांभ्या दगडातील खनिजापासून लोखंड गाळीत. आयात लोखंडाची स्वस्ताई व जळणाची महागाई यांमुळे एकोणिसाव्या शतकात त्यांचा धंदा बसला. नंतरच्या काळात मुंबईहून हर्णै व दाभोळ या बंदरांत किनारी आगबोटींतून येणाऱ्या मालात लोखंडी पट्ट्या व सळयांची भर पडली. पोलाद मात्र सहसा तुकड्यांनीच मिळे. झिजलेल्या कानशी हा त्याचा एक भरवशाचा स्रोत होता.

अशा तुटपुंज्या पोलादाची धार लोखंडी अंगाला जोडण्यास ‘पोलाद घालणे’ म्हणत. त्याच्या दोन रीती होत्या. पहिलीत लोखंडाच्या पट्टीची कड तापवून छिन्नीने चिरीत, त्या चिरेत पोलादाची पातळ जीभ बसवीत व दोन्ही ओठ मिटवून जोडाचा ताव देत. दुसरीत पोलादाची पट्टी एका अंगाला नुसती लावीत. पहिली रीत अधिक कष्टाची, परंतु शास्त्रदृष्ट्या अधिक चांगली आहे. बाहेरचे लोखंड आगीचा थेट मारा सोसते, आतील पोलाद थोडे कमी तापते व त्याचा कार्बनही जळत नाही. तापमानाच्या ज्या अरुंद पट्ट्याचा वर उल्लेख आला, त्यावर खेड्यातील लोहाराने काढलेला हा तोडगा होय. दुसऱ्या रीतीत धार एकाच बाजूने घासावी लागते व पाणी देताना पाते पोलादाच्या विरुद्ध बाजूस वाकते. म्हणून ते आधीच थोडे उलट वाकवून ठेवीत. लोणारी कोळसा ऐन, किंजळ यांसारख्या झाडांचा असे व तो पाडण्याच्या कामावर बहुधा कातकरी असत. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांतील लाकूडतोडीवर निर्बंध आल्यावर या जळणाची ओढाताण सुरू झाली.

घण मारण्यास दुसरा माणूस लागतोच. गावच्या लोहाराकडे हे काम मुलगा किंवा भाऊ करी. भटक्या घिसाड्यांत ते बहुधा बायकाच करीत आल्या आहेत. सांडशीत धरलेल्या लोखंडावर घिसाडी लहान हातोडीने जागा दाखवितो व त्याच जागी त्याची बायको घण घालते. जोडाच्या तावात बोलण्यास वेळ नसतो, हातोडीचा टोला हीच आज्ञा असते. बारा बलुतेदारांत गणल्या जाणाऱ्या लोहाराला या कामाचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. त्यामुळे जोड उकलला तर तो पुन्हा विनामूल्य करून देणे ओघानेच येई. फाळ शेवटणे, म्हणजे झिजलेले टोक पुन्हा घडविणे, हे त्याचे पावसाळ्याच्या तोंडचे ठरलेले काम. अवजार टाकून देण्याची पद्धत नव्हती; धार संपली की पुन्हा पोलाद घालीत व तेच लोखंडी अंग अनेक वर्षे चाले.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : १८५६ मध्ये हेन्री बेसेमर यांनी पोलाद स्वस्तात करण्याची कृती शोधून काढली. १९१२ पासून जमशेटपूर येथे टाटांच्या कारखान्यात पोलाद तयार होऊ लागले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रे करणाऱ्यांचा बाजार आधीच आटला होता. कोकणातील खेड्यांत मात्र जोडाची गरज संपविली ती मोटारगाडीने. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः राज्य परिवहन सेवा (१९४८) व मालमोटारी सर्वत्र पोचल्यावर, त्यांचे तुटके कमानपाटे भंगारात सहज मिळू लागले. कमानपाटा संपूर्णपणे मध्यम कार्बनयुक्त पोलादाचा असल्याने त्याचे पाते एका तुकड्यातून निघते. यूरोपात दहाव्या शतकात तलवारींच्या बाबतीत जे झाले तेच येथे हजार वर्षांनी कोयत्याच्या बाबतीत झाले. कमानपाट्यात सिलिकॉन किंवा क्रोमियम असते. क्रोमियमाचा ऑक्साइड सवागीत सहजासहजी विरघळत नाही आणि उघड्या भट्टीत त्याचा जोड बसणे कठीण होते. म्हणजे नव्या धातूने जोड अनावश्यक केला व ज्यांना तो करून पाहावयाचा होता त्यांच्यासाठी अवघडही केला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला ‘वैभव’ हा दातेरी विळाही एकसंध पात्याचाच आहे. तो वजनाला हलका असून कापणीचे श्रम कमी करतो. जुन्या विळ्याबद्दल हळहळ वाटली तरी हे मान्य केले पाहिजे.

जोडाची उपयुक्तता संपल्यावर त्याच्या शोभेला नवा बाजार मिळाला. अमेरिकन पातेकार विल्यम मोरान यांनी १९७३ मध्ये आपल्या जोडपोलादी सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या व तेथून या कलेचे पुनरुज्जीवन झाले. हल्ली साधे कार्बन पोलाद व सुमारे २ टक्के निकेल असलेले करवतींचे पोलाद यांचे थर जोडतात. अम्लात पहिले काळे पडते व दुसरे चकाकते. वायूच्या भट्ट्या, यांत्रिक घण व द्रवीय दाबयंत्रे यांमुळे श्रम घटले असले, तरी मळ कोंडणे, कडा उकलणे व पोलाद जळणे हे दोष कायम आहेत. बाजारात एकसंध पोलादावर अम्लाने वा लेसर किरणांनी नक्षी कोरलेली नकली पातीही पुष्कळ असतात. पृष्ठ घासून पुन्हा अम्लात धरले असता खऱ्या पात्यावर नक्षी परत उमटते, नकली पात्यावर उमटत नाही.

पोलाद घातलेला जुना कोयता ओळखण्यास अम्लही लागत नाही. धार निसण्यावर घासून ओली केली की कडेला पोलादाची उजळ पट्टी, तिच्यामागे लोखंडाचे राखी अंग व दोहोंमधून धारेला समांतर गेलेली एक काळसर रेघ दिसते. ही रेघ जेथे अखंड व केसासारखी बारीक असेल तेथे जोड चांगला बसलेला असतो. जेथे ती रुंदावते तेथे मळ राहून गेलेला असतो व कोयता पुढे तेथूनच उकलतो. वर्षानुवर्षे घासून उजळ पट्टी संपली की धार मुडपू लागते. अशा वेळी कोयता पुन्हा पोलाद घालण्यासाठी लोहाराकडे जात असे.